घोड्याने पाय टेकणं सोडलं, हाडाची शंका आहे: डॉक्टर पोचेपर्यंत काय करावं?

किनाऱ्यावरचा (शनिवार, सकाळी ८.४०)

दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत वरसोली ते मुरुड पट्ट्यातल्या घोडेवाल्यांसाठी एक पान तयार करायचं आहे. तबेल्यात लावता येईल असं, एका बाजूला छापलेलं, मोठ्या अक्षरांत. विषय एवढाच: घोड्याने अचानक पाय उचलून धरला, टेकायला तयार नाही, हाडाला मार बसल्याची शंका आहे आणि घोड्यातलं कळणारा डॉक्टर पोचायला चार-सहा तास लागणार आहेत. तेवढ्या वेळात काय करायचं, काय करायचं नाही?

सध्या सर्रास चालतं ते असं: थोडं चालवून बघणं ("मोकळा होईल"), गरम तेलाने चोळणं, हळद-चुन्याचा लेप, मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी लंगडणं कमी दिसलं की परत सवारी. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं ते जाणकारांनी सांगावं. आपापले किस्से नकोत, छापता येईल असं हवंय.

खोगीरभरती (८.५५)

एका पानात? इथे लोक एका पानात 'वाचतोय' एवढंही लिहीत नाहीत.

नालबंद_अष्टागर (९.३०)

आधी खूर बघा. घोडा एकदम तीन पायांवर आला की सगळ्यांना मोडलेलं हाड दिसायला लागतं. पण असं होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे खुरात धरलेला पू. किनाऱ्यावर तर ते जास्तच. सारखं ओलं-सुकं होऊन तळवा मऊ पडतो, शिंपल्याचा तुकडा नाहीतर बारीक खडा पांढऱ्या रेषेत शिरतो (तळवा आणि खुराची भिंत जुळते ती रेघ), वरून भोक मिटतं आणि आत पू साठतो. खूर काही फुगत नाही, पुवाला वाट नाही, त्यामुळे कळ अशी की घोडा खुराचं टोकसुद्धा टेकवत नाही.

ओळखायचं असं. तळहात खुरावर ठेवा, मग शेजारच्या चांगल्या खुरावर. गरम-गार कळतं. मग खुरावरच्या सांध्याच्या, म्हणजे फेटलॉकच्या, मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोटं हलकी टेकवा. तिथली नाडी एरवी शोधावी लागते. पू असेल तर बोटाखाली उडते. त्यानंतर खूर तपासायच्या चिमट्याने एकेका खिळ्यापाशी दाबत जायचं. एकाच जागी पाय झटकला की जागा सापडली. वाट करून दिली की काळपट, घाण वासाचं पाणी येतं आणि घोडा तासाभरात निम्मा बरा दिसतो.

आणि नाल काढायचा असेल तर तो पकडीने उचकटू नका. वळवलेली खिळ्यांची टोकं कानशीने घासून सपाट करा आणि एकेक खिळा सरळ ओढा. उचकटताना खुराला जो पीळ बसतो तो आत हाड तडकलेलं असेल तर महागात पडतो.

पशुवैद्य_रायगड (१०.१५)

नालबंददादांचं कारण बरोबर आहे, क्रम उलटा आहे. चिमटा लावायचा तर पाय उचलून गुडघ्यात धरावा लागतो. वरचं हाड तडकलेलं असेल तर त्याच उचलण्यात ते सरकतं. म्हणून खुराला हात लावायच्या आधी एक मिनिट घोड्यापासून दोन हात लांब उभं राहून फक्त बघा.

पायाची रेघ सरळ आहे का? जिथे सांधा नाही तिथे पाय वाकतोय किंवा लोंबतोय का? खूर नको त्या दिशेला वळलाय का? गेल्या तासाभरात नळीवर (गुडघा आणि फेटलॉक यांच्यामधलं लांब हाड), गुडघ्याच्या वर किंवा मागच्या पायाच्या वरच्या भागात सूज चढली का? कुठे कातडी फाटून रक्त येतंय का? घोड्याला दरदरून घाम फुटलाय का? यातलं एक जरी 'हो' असलं तरी पाय उचलू नका, चिमटा विसरा, घोडा आहे तिथेच उभा ठेवा. हाड करकरतंय का हे दाबून बघायचा मोह तर अजिबात नको. तो आवाज ऐकून निदानात भर पडत नाही, इजेत पडते.

सगळी उत्तरं 'नाही' आली तर नालबंददादांनी सांगितलेली हाताची आणि नाडीची तपासणी उभ्या-उभ्या करा. तरी एक पेच उरतो. खुराच्या आतलं हाड मोडलं तरी खूर गरम होतो, नाडी उडते, चिमट्याला घोडा झटकतो, सगळं पुवासारखंच. म्हणून तळवा कोरताना पू लागला नाही तर आणखी खोल जाऊ नका. थांबा आणि एक्स-रे होऊ द्या. हे हाड मोडूनही त्यातल्या त्यात बरं, कारण खुराची भिंतच त्याचं प्लास्टर असते. आडपट्टीचा नाल आणि बरेच महिने विश्रांती, पण पुष्कळ घोडे सुधारतात.

नालबंद_अष्टागर (१०.४०)

मान्य. क्रम बदलून घ्या. पू लागला नाही की कोरणं थांबवायचं, हे पानावर ठळक छापा. आमच्यातलेच काही रक्त येईपर्यंत जातात.

चौकस (११.०५)

चालवून बघण्यात नेमकं काय बिघडतं? माणूससुद्धा पाय मुरगळला की दोन पावलं टाकून बघतोच की.

पशुवैद्य_रायगड (११.५०)

माणूस दुखलं की थांबतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, घाबरला की दुखऱ्या पायावरही जोर देतो. शिवाय घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांसच नाही: कातडी, शिरा, स्नायूंच्या दोऱ्या आणि हाड. मोडलेल्या टोकाला आतून गादी नसते. दोन पावलांत ते टोक कातडी फोडून बाहेर येतं किंवा शीर कापतं. कातडीच्या आतच मोडलेलं हाड जुळायची जी काही आशा असते ती उघड्या जखमेने निम्म्याहून कमी होते.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त घोडे घालवते ती. ती नीट वाचा, कारण तिथे घोडा मोडल्यासारखा दिसतच नाही.

पुढच्या पायाचं गुडघ्याच्या वरचं हाड आणि मागच्या पायाचं हॉकच्या (मागच्या पायाचा मधला, मागे टोक आलेला सांधा) वरचं हाड, या दोन्हींच्या आतल्या बाजूला मांस नाही, कातडीला लागूनच हाड. शेजारच्या घोड्याची लाथ बसते ती बहुधा इथे. बाहेरून दिसते बोटभर जखम आणि थोडी सूज. घोडा पहिल्या दिवशी लंगडतो, दुसऱ्या दिवशी बराच सुधारतो. मालक म्हणतो, कातडीवर निभावलं. आत मात्र हाडाला केसाएवढी चीर गेलेली असते. चार-आठ दिवसांनी घोडा रात्री बसतो, पहाटे उठताना सगळा भार त्या पायावर येतो आणि हाड दोन तुकड्यांत जातं.

पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ही चीर दिसेलच असं नाही. हाडाच्या कडा आधी थोड्या विरघळतात, फट रुंदावते, मग ती दिसते. त्याला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून लाथेची जखम या जागी असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी घोडा तबेल्यातच, बसू न देता, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. तोही एका बाजूने काढून उपयोग नाही. समोरून, बाजूने आणि दोन तिरके, असे किमान चार हवेत.

मोतद्दार (१२.२०)

बसू न देता म्हणजे कसं, ते लिहायला हवं. नुसतं आखूड बांधलं तर घोडा मान टाकून लटकतो.

तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोन भिंतींवर कड्या. कडी साधारण घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर, दोर दोन्हीकडून एवढाच ढिला की मान छातीपर्यंत खाली यावी, पण गुडघे टेकता येऊ नयेत. पाणी आणि गवत तोंडाच्या पातळीला. दिवसातून दोन-तीनदा माणूस समोर असताना दोर सोडून मान पूर्ण खाली घालू द्यायची, नाहीतर नाकातला-घशातला कचरा खाली न उतरता फुप्फुसात जातो आणि हाड राहिलं बाजूला, खोकला-ताप मागे लागतो. पिछाडी (मागच्या पायांचा दोर) बांधायची नाही. दोरात पाय अडकला तर सगळंच संपलं.

उभ्यानेही झोपतो तो, त्याची काळजी नको.

खोगीरभरती (१२.३०)

उभ्याने झोपणं सरकारी कचेरीतल्या रांगेत आम्हालाही जमतं. पण एक्स-रेत हाड दिसेपर्यंत दोन आठवडे थांबायचं, हे घोडामैदान जवळ असून लांबच झालं.

टेम्पोवाला_पेण (१.१०)

पानावर पट्टी बांधायची कृती देणार का? कामट्या बांधून घोडे येतात आमच्या गाडीत. अर्ध्या वाटेत कामट्या घोट्यापाशी गोळा झालेल्या असतात.

पशुवैद्य_रायगड (२.२५)

द्यायला हवी, पण पानावर पहिली ओळ ही: वाईट बांधलेल्या आधारापेक्षा न बांधलेला पाय बरा. कामटी मोडलेल्या जागेवर किंवा नळीच्या मधोमध संपली तर ती तरफेचं काम करते आणि हाड तिथेच आणखी उघडते. आधार नेहमी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे ओलांडून गेला पाहिजे.

कृती सांगतो. तिचं नाव रॉबर्ट जोन्स बँडेज. लागणारं सामान: ५०० ग्रॅमची कापसाची बंडलं, गुडघ्याखालच्या आधाराला ४-५, पूर्ण पायाला ८-१०, १५ सेंटिमीटर रुंदीच्या बँडेजच्या डझनभर गुंडाळ्या, चिकटपट्टीची मोठी दोन रिळं, ४ इंची पीव्हीसी पाइप, उभा चिरून अर्धा केलेला, कडा घासून.

जखम असेल तर ती उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा (लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा), वर स्वच्छ गॉज. हळद नाही, चुना नाही, शेण तर नाहीच. मग कापसाचा एक थर, बोटभर नव्हे तर इंचभर जाडीचा, सुरकुती न पडता. त्यावर बँडेज ताणून. मग दुसरा थर, त्यावर आणखी घट्ट. असे चार-पाच थर. शेवटी पाय मूळच्या तिप्पट जाड दिसला पाहिजे. टिचकी मारून बघा: पिकलेल्या कलिंगडासारखा भरीव आवाज आला की जमलं. पोकळ, मऊ वाटलं तर कापूस दाबला गेलेला नाही, वाटेत तो बसेल आणि सगळं ढिलं होईल. टेम्पोवालेभाऊ म्हणतात ते यामुळेच होतं.

पाइप कुठे लावायचा हे मोडलेल्या जागेवर ठरतं:

पुढचा पाय, फेटलॉक किंवा त्याखाली: पातळ पट्टी, टाच उचलून खुराचं टोक जमिनीला, म्हणजे नळी ते खूर एक सरळ रेघ. पाइप पुढून, गुडघ्याच्या खालपासून खुराच्या टोकापर्यंत.

पुढचा पाय, नळी ते गुडघ्याच्या थोडं वर: जाड बँडेज, एक पाइप मागून आणि एक बाहेरून, जमिनीपासून कोपरापर्यंत.

पुढचा पाय, गुडघ्याच्या बऱ्याच वर: वरच्यासारखंच, पण बाहेरची पट्टी लाकडाची आणि पार खांद्यावरून वर गेलेली. ही पट्टी नसेल तर पाय बाहेर फाकतो आणि हाड आतल्या कातडीतून बाहेर पडतं.

कोपर उतरलेला, गुडघा वाकलेला आणि घोड्याला पाय पुढे ताठ करताच येत नाही: कोपराचं हाड गेलं असण्याची शक्यता. गुडघ्याच्या मागून पाइप लावून गुडघा फक्त ताठ करा. पायावर उभं राहता आलं की घोड्याची घाबरगुंडी लगेच कमी होते.

मागचा पाय, नळी: पाइप मागून आणि बाहेरून, हॉकच्या टोकापर्यंत. फेटलॉकखाली असेल तर पाइप मागून.

खांदा, दंड, मांडी: काहीही बांधू नका. तिथे पट्टी सरकून खाली उतरते आणि दुखऱ्या हाडाला वजन बांधल्यासारखं होतं.

अष्टागरची_वाडी (३.००)

पीव्हीसी नसेल तर सुपारीची विरी चालेल का? वाडीत ढिगाने पडलेली असते, आकारही पन्हाळीसारखा.

पशुवैद्य_रायगड (३.२०)

कोरडी विरी दाबली की चिरते, ओली वाकते. तिचा पंखा करून वारा घ्या. वाडीत ठिबकचा किंवा मोटारीचा ४ इंची पाइप कुठेतरी असतोच, तो चिरा. नाहीतर रीप किंवा जाड बांबू उभा चिरून, गाठी तासून. कुदळीचा दांडाही चालतो. टोकांना कापड गुंडाळायला विसरू नका.

वरातीमागून (४.१५)

मी मागून आलोय, सवयीप्रमाणे. "घोडा आहे तिथेच उभा ठेवा" हे सगळीकडे लागू नाही. ओहोटीला टांगे अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे जातात. मधल्या खडकाळ पट्ट्यात, कालवं नि शेवाळ असलेल्या जागी, घोड्याचा पाय सटकला नि अडकला तर डॉक्टरची वाट बघत उभं राहायचं? सहा तासांत भरती पूर्ण.

मोतद्दार (४.५०)

बरोबर मुद्दा. तिथे क्रम असा: प्रवासी उतरवा आणि पायी परत पाठवा. एक माणूस घोड्याच्या तोंडाशी, त्याने तिथून हलायचं नाही. टांगा घोड्यापासून सोडवा, घोडा टांग्यापासून नव्हे. म्हणजे घोडा स्थिर, पट्टे सोडून टांगा मागे ओढून घ्यायचा. घोड्याला दांड्यांमधून मागे रेटलं की तो दुखऱ्या पायावर बसतो.

मग जवळची घट्ट, सपाट वाळू कुठे आहे ते बघा. कधी ती परतीच्या वाटेवर असते, कधी किल्ल्याच्या पायथ्याशी. वेळ असेल तर आहे तिथेच जुजबी आधार बांधा: खोगिराखालची घडी आणि पट्टे वापरून, बाहेरून एक दांडा. दोघे जण दोन बाजूंना, एकाचा खांदा घोड्याच्या खांद्याला. एक पाऊल, थांबा. लगाम पुढे ओढायचा नाही. मान मोकळी असली की घोडा मानेनेच तोल सांभाळतो. चाबूक टांग्यात ठेवा.

आणि पाणी गुडघ्यापर्यंत आलं म्हणून घाबरू नका. भीती लाटेच्या धक्क्याची.

गजालवाली (५.३०)

मुक्या जनावराक आराम देवा म्हणतास ता बरोबर. पण चार महिने घोडो उभो र्‍हवलो तर धन्याचा पोट कोण भरतलो? ताय लिवा तुमच्या पानावर.

किनाऱ्यावरचा (५.४५)

ताई, त्यासाठीच दिवाळीआधीची घाई. पशुधन विम्याच्या सरकारी योजनेत घोडेही बसतात. पण तो घोडा धडधाकट असतानाच उतरवावा लागतो, टॅग आणि फोटोसकट. मोडल्यावर कोणी विचारत नाही.

टेम्पोवाला_पेण (६.४०)

नेण्याबद्दल माझ्याकडून.

पुढचा पाय मोडलाय तर घोड्याची शेपटी केबिनकडे, तोंड मागे. ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो. मागचा पाय मोडलाय तर नेहमीसारखं तोंड पुढे. हे उलटं केलं तर प्रत्येक ब्रेकला दुखऱ्या पायावर झटका.

फळीवरून चढवू नका. शेताच्या बांधाला, जांभ्याच्या जोत्याला किंवा रस्त्याच्या कडेच्या चढाला गाडी मागून अशी लावा की गाडीचा तळ आणि जमीन एका पातळीत येईल. तसा बांध मिळत नसेल तर मागच्या चाकांखालची माती खणून गाडी खाली उतरवा. अर्धा तास जातो, पण घोडा चालत आत जातो.

आत जागा ऐसपैस नको. दोन्ही अंगांना बांबू बांधून एवढीच रुंदी ठेवा की घोडा दोन्हीकडे टेकू शकेल. छातीपुढे आणि ढुंगणामागे आडवा बांबू, त्याला पोतं गुंडाळून. मान मात्र लांब दोराने. तळाला काथ्याची चटई किंवा दोन-तीन इंच भुसा. ताडपत्री टाकलीत तर घसरगुंडी.

तासाला एकदा थांबून पट्टी सरकली का बघायचं. अलिबागहून वडखळ-पनवेल करत परळला शंभरेक किलोमीटर. महामार्गाबद्दल बोलत नाही, इथे बायाबापड्या वाचतात.

चौकस (६.५५)

परळ म्हणजे बैलघोडा हॉस्पिटल ना? लहानपणापासून नाव ऐकतोय, तिथे खरंच अजून घोडे घेतात?

पशुवैद्य_रायगड (७.३०)

हो, तेच, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात, १८८६ पासून. महाड-पोलादपूरच्या बाजूच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, पण वरंध घाट पावसाळ्यात बंद असतो, आधी चौकशी करा. निघण्यापूर्वी फोन करून एक्स-रे आणि भूल देणारे हजर आहेत का ते विचारा. आणि त्याही आधी १९६२ वर फोन. पशुवैद्यकीय सेवेचा हा फुकटचा क्रमांक आहे.

पण मी उलट विचारीन: न्यायलाच हवं का? हातात उचलून नेता येणारं एक्स-रे मशीन तबेल्यात आणता येत असेल तर घोडा हलवण्याआधी ते आणा. गुडघ्याखालचं निदान त्यावर चांगलं होतं. नळीच्या दोन्ही बाजूंना जी बारीक हाडं असतात, त्यांच्या खालच्या टोकाजवळ मोडलेलं हाड तर बहुतेकदा जागेवरच, सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीने जुळतं. त्यासाठी घोड्याला शंभर किलोमीटर हादरवायचं कशाला? उलट मागून घसरून पडला आणि पुठ्ठा एका बाजूने उतरलेला दिसतोय, तर कंबरेचं हाड गेलेलं असू शकतं. त्याच्याजवळून मोठी रक्तवाहिनी जाते. तसा घोडा अजिबात हलवू नका.

टेम्पोवाला_पेण (७.४५)

माझं भाडं गेलं, पण मुद्दा पटला.

अष्टागरची_वाडी (८.१०)

दुखण्याच्या इंजेक्शनाचं राहिलं. ते तरी द्यावं की नाही? जनावर विव्हळत असेल तर बघवत नाही.

पशुवैद्य_रायगड (९.००)

द्यावं, पण आधार बांधल्यानंतर, डॉक्टरने आणि बेताने. कळ पूर्ण मारली की घोडा मोडक्या पायावर उभा राहतो. त्याच कारणाने एक्स-रेच्या आधी पायाची नस बधिर करायची नसते. झोपेचं इंजेक्शन जास्त झालं तर घोडा झिंगतो आणि तीन पायांवर झिंगणं म्हणजे पडणंच.

फिनाइलब्युटाझोन घोड्याला चांगलं लागू पडतं, पण ते शिरेतच द्यायचं. मानेच्या मांसात टोचलं तर तिथलं मांस सडतं.

आणि मेडिकलमधलं डायक्लोफिनॅक नको. जनावरांसाठी ते आपल्याकडे २००६ पासून बंद आहे, तरी माणसांचं आणून टोचलं जात होतं. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्याही बंद करून ३ मिलीवर आणल्या. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं की त्यांचे मूत्रपिंड बंद पडतात. म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडं मोठ्या कष्टाने टिकवली आहेत. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसतं, डॉक्टरला तेच विचारा.

एक इंजेक्शन मात्र विसरायचं नाही: धनुर्वाताचं. लिदीच्या मातीत त्याचे जंतू असतातच आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. टोचलेलं असेल तर तारीख तबेल्यातल्या वहीत हवी.

मोतद्दार (रविवार, सकाळी ७.१०)

पुढचे दोन-तीन महिने कसे काढायचे तेही थोडक्यात.

चंदी (रोजचा दाणा) त्याच दिवशी बंद करू नका, दोन-तीन दिवसांत उतरवत आणा. काम नसताना दाणा चालू राहिला तर पोटफुगी आणि खुराची जळजळ. ३०० किलोच्या तट्टाला दिवसाला ५-६ किलो सुकं गवत. नुसता भाताचा पेंढा नको, उभ्या घोड्याच्या पोटात तो दाटतो. बिछान्यालाही पेंढ्याचा जाड थर नको, बांधलेला पाय त्यात गुंततो. लाकडाचा भुसा बरा.

चांगल्या पायाकडे जास्त लक्ष द्या. मोडलेल्या पायाच्या जोडीच्या या पायावर महिनाभर दुप्पट भार असतो, आतली पकड सुटते आणि खुराचं हाड खाली उतरतं. मोडलेलं जुळतं आणि धड पाय जातो, असं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ चांगल्या खुराची ऊब आणि नाडी बघा, तळव्याखाली जाड रबर किंवा फोम बांधा. आणि इतके दिवस दुखरा पाय उचलून धरणारा घोडा अचानक त्यावर उभा राहायला लागला तर पेढे वाटू नका. बहुतेक वेळा त्याचा अर्थ दुसरा पाय जास्त दुखायला लागला असा असतो.

नालबंद_अष्टागर (७.४०)

याला लाख मोदक. आमच्याकडे बोलावणं येतं तेव्हा तळवा पुढून बाहेर आलेला असतो.

आणखी एक. इथल्या दमट हवेत प्लास्टर आठवड्यात वास मारायला लागतं. साधं प्लास्टर पावसात भिजलं की गेलंच, फायबरचं टिकतं. एकाच जागी माश्या घोंघावतायत, एकाच जागी प्लास्टर गरम लागतंय, घोडा सारखा तिथे चावतोय, म्हणजे आत कातडी घासलीय. त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी अळ्या.

चौकस (८.०५)

परत चालवायचं कधी? आणि वाळूत की रस्त्यावर?

पशुवैद्य_रायगड (८.५०)

एक्स-रे बघून, कॅलेंडर बघून नाही. डॉक्टरने परवानगी दिली की हातात दोर धरून दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. सपाट, घट्ट जमिनीवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि स्नायूंच्या दोऱ्यांवर ताण येतो. वाळूच हवी तर लाटेने दाबलेली ओली. नळीसारखं मोठं हाड असेल तर चार-सहा महिने धरून चला. पाठीवर माणूस त्यानंतर, आणि खोगिरासकट वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत. ३०० किलोच्या तट्टाला ६० किलो.

खोगीरभरती (९.००)

साठ किलोत खोगीर धरलं तर आमच्या ऑफिसच्या सहलीतले फक्त ट्रेकिंग बूट घोड्यावर बसू शकतील.

गजालवाली (९.२०)

आणि जुळाचाच नाय, असा हाड आसला तर?

पशुवैद्य_रायगड (१०.३०)

तेही पानावर यायला हवं, ताई. मोठ्या घोड्याच्या गुडघ्याच्या किंवा हॉकच्या वरच्या हाडाचे दोन तुकडे झाले, हाड कातडीतून बाहेर आलं, पाय लोंबतोय, तर बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर म्हणजे त्याला वेदनेतून सोडवणं. हा निर्णय डॉक्टरने बघून द्यायचा, दाखला लेखी घ्यायचा. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६०, याच्या कलम १३ मध्ये त्याची तरतूद आहे. विमा असेल तर त्याआधी फोटो काढून कंपनीला कळवा. औषध देऊन मारलेला घोडा उघड्यावर टाकायचा नाही, कुत्री-गिधाडं मरतात. खड्डा किमान आठ फूट, विहिरीपासून लांब आणि भरतीच्या रेषेच्या वर. पुळणीत पुरला तर पहिल्या उधाणाला वर येतो.

किनाऱ्यावरचा (दुपारी १२.१५)

पानाचा मसुदा, क्रम पटतोय का सांगा:

१. थांबा. चालवू नका, चोळू नका, लेप नको. १९६२.
२. लांबून एक मिनिट बघा (पशुवैद्यांचे प्रश्न).
३. सगळं 'नाही' तर उभ्या-उभ्या खुराची ऊब आणि नाडी. पू लागला नाही तर कोरणं थांबवा.
४. जखम मिठाच्या पाण्याने धुवून झाका.
५. आधार बांधता येत असेल तरच बांधा. चित्र शेजारी.
६. आधी एक्स-रे तबेल्यात. न्यायचंच तर पुढचा पाय = तोंड मागे.
७. लाथेची जखम, पायाची आतली बाजू: सुधारला तरी १४ दिवस बसू देऊ नका, दुसरा एक्स-रे.

भरतीचं मोतद्दार यांचं टिपण टांगेवाल्यांसाठी वेगळं छापतो.

पशुवैद्य_रायगड (१२.४०)

सातवा दुसऱ्या क्रमांकावर घ्या. बाकीच्या वेळी घोडा स्वतःच सांगतो की काहीतरी बिघडलंय.

नालबंद_अष्टागर (१.०५)

आणि धनुर्वाताची तारीख लिहायला खाली एक रकाना.

मोतद्दार (१.२०)

लॅमिनेट करा, खारी हवा आहे. आणि गव्हाणीपासून चार हात लांब, माणसाच्या डोक्याच्या वर लावा. मागच्या वर्षीचं लसीकरणाचं पत्रक घोड्यांनीच खाल्लं.